पायघड्यांच्या गाठी

माझ्या धाकट्या लेकीचं, हिराचं, जावळ काढलं ते साल पंच्याण्णव. अंगणात पंगत बसली होती आणि माझा थोरला भाऊ सोपान, म्हणजे आमचा दादा, रस्सा वाढत होता. हिराच्या मामापुढं तो वाकला आणि भरलेली पळी ताटाच्या वीतभर अलीकडं ओतली. सगळा रस्सा मामाच्या मांडीवर.

मामा ओरडतच उठला. "अवं पावणं, मांडीला वाढताय व्हय?"

"ताट सरकलं जणू," दादा म्हणाला.

"ताट जाग्यावर हाय. तुमीच सरकलाय. सकाळधरनं किती घेतलीया?"

सगळी पंगत हसली. दादाही हसला. दादानं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. अंजिरावहिनीनं पुढं होऊन त्याच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. ती हसत नव्हती.

पंगती उठल्यावर वहिनी मला गोठ्यामागं घेऊन गेली. "भावजी, दोन वरसं झाली. सुईत दोरा मी ओवते. कापडावरच्या खुणा मी हळूच सांगते. कुणाला बोलू नगं म्हणून शपथ घातली हुती त्यांनी. आता झाकून राहायचं न्हाय."

आम्ही परीट. उरमोडीच्या काठाला आमचा घाट आणि गावातली एकतीस घरं आमच्याकडं. दादाला आणि मला, दोघांनाही तेव्हा अक्षर येत नव्हतं. कापड कुणाचं ते कळावं म्हणून आम्ही कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसानं खूण करायचो. कणशांची आडवी रेघ आणि खाली दोन टिपके. जगदाळ्यांची फुली. कापड फाटेल, पण ती खूण जात नाही. एकतीस घरांच्या एकतीस खुणा दादाला पाठ होत्या. त्याच आता त्याला दिसत नव्हत्या.

मी त्याला साताऱ्याला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून तासभर बसवलं, मग यंत्राला हनुवटी टेकवून बघितलं.

"पडद्याचा मधला भाग खराब झालाय," ते म्हणाले. "याला ऑपरेशन नाही आणि चष्माही नाही. समोरचं दिसणार नाही, कडेचं दिसेल. पूर्ण अंधार होणार नाही."

"म्हंजी आंधळा बी न्हाय आन डोळस बी न्हाय," दादा म्हणाला.

डॉक्टरांनी एका संस्थेच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी चार महिने आमच्या दिवळीत पडून राहिली. ते चार महिने दादा दारातल्या बाजेवर बसून होता. वहिनी त्याच्या हातात ताट द्यायची. तो उठला की कुणीतरी दंडाला धरायचं. "दादा, तू बस, आमी हाय न्हवं," असं मीच रोज म्हणायचो. भट्टी मी लावायचो, घरोघर मी जायचो. लोक मला कोंडा म्हणायचे, ते कोंडिबा म्हणायला लागले. ते मला आवडलं होतं, हे आज लिहून ठेवतो.

शेवटी वहिनीनंच शाळेतल्या गुरुजींना चिठ्ठी दाखवली आणि त्यांनी पत्र टाकलं. पाटणकर बाई आल्या त्या भाद्रपदात. पन्नाशीच्या, सुती पातळ, खांद्याला पिशवी, एसटीच्या धुळीनं माखलेल्या. दादासमोर बाजेवर बसल्या आणि वही काढली.

"सोपानराव, नदीवर एकटे जाता?"

"न्हाय."

"समोरचा माणूस ओळखता?"

"त्यानं तोंड उघडलं तर."

"कपडे कुणाचे ते कळतं?"

"न्हाय."

"चार माणसांत जाऊन बसता?"

दादा बाजेच्या दोऱ्या चाचपायला लागला. बाईंनी तेही लिहून घेतलं.

"मग दिवसभर करता काय?"

"अंगावर माश्या किती बसल्या ते मोजतो. दिसत न्हाईत, पर बसल्या की कळतं."

बाई हसल्या. "बरं, आता माझ्या तोंडाकडं बघा. काय दिसतं?"

"तोंडाच्या जागी धुरकट डाग."

"आता तोंडाकडं बघू नका. माझ्या उजव्या कानाकडं बघा, आणि मान हलवू नका."

दादानं नजर वळवली आणि तसाच थांबला. मग एकदम म्हणाला, "बाई, तुमच्या नाकात चमकी हाय!"

वहिनी चुलीपुढनं उठून दारात आली. "मी? मी दिसते का वो?"

"कानाकडनं बघू दे," दादा म्हणाला. बराच वेळ तो तिच्या कानाकडं बघत राहिला. "वाळलीस की गं अंजिरा."

त्यानंतर बाई दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी यायच्या. त्यांनी जादू काही केली नाही. उंबऱ्याच्या आणि पायऱ्यांच्या कडांना वहिनीकडून चुन्याचे पट्टे ओढून घेतले. भाकरी काळ्या तव्यासारख्या ताटात वाढायला सांगितली, म्हणजे ती दिसते. पांढरी काठी दिली आणि घरापासून घाटापर्यंतची वाट शिकवली: पिंपळाच्या पाराशी जमीन फुगते, पुढं ओढ्याचा आवाज डाव्या कानाला ठेवायचा. पहिल्या दिवशी दादा दोनदा पडला. मी धावलो तर बाई माझ्यावर ओरडल्या.

"कोंडिबा, मागं व्हा! त्यांना उठू द्या."

"बाई, लोक बघत्यात."

"बघू देत की."

गाठींची कल्पना मात्र दादाची. बाईंनी बिब्ब्याच्या खुणा बघायला भिंग दिलं होतं, पण ओल्या कापडावर, उन्हात ते चालेना. तेव्हा दादा म्हणाला, "बाई, डोळ्याचं काम अंगठ्याला दिलं तर?" मग जाड दोरा आणला. प्रत्येक घराच्या कापडाला आतल्या कोपऱ्यात दोरा ओवायचा आणि त्याला गाठी मारायच्या. कणशांच्या तीन, जगदाळ्यांच्या दोन आणि जरा अंतर सोडून तिसरी. अशा एकतीस घरांच्या एकतीस तऱ्हा. आमच्या स्वतःच्या कापडाला एकच गाठ. वहिनी गाठी मारायची, दादा डोळे मिटून अंगठा फिरवायचा आणि घराचं नाव घ्यायचा. महिन्याभरात एकही चुकेना.

वहिनीही शिकली. मी शिकलो नाही. मला डोळे होते, खूण दिसत होती. मला गाठींची काय गरज?

दिवाळीपासून दादा पुन्हा फेरीला निघाला. एका हातात काठी, डोक्यावर बोचकं. माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडं बघायचा. सदू कुंभार पारावर म्हणायचा, "सोपाना, कानाशी काय बोलतुयास? तोंड हिकडं हाय."

"कान बरा हाय तुजा," दादा म्हणायचा. "तोंडाचा वास येतुया."

पार हसायचा. चार महिने ज्याला कुणी विचारलं नाही तो पुन्हा पारावर बसायला लागला. आणि घरोघर मला पुन्हा ऐकायला मिळू लागलं, "कोंडा, इस्त्रीचं सोपानाकडंच दे बरं का. परीटघडी त्याच्याच हातची."

फाल्गुनात बाईंनी पुन्हा तीच वही काढली. नदीवर एकटे जाता? जातो. कपडे ओळखता? ओळखतो. चार माणसांत बसता? तितनंच आलो.

"आणि दिवसभर काय करता?"

"बाई, माश्या मोजायला सवड न्हाय आता."

त्या वैशाखात तात्या जगदाळ्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्या गावात नवरदेव आणि वरमाई मारुतीच्या देवळातून मांडवात येतात ती परटानं घातलेल्या पायघड्यांवरून. पाच पांढरी धोतरं असतात. पुढं एकानं अंथरत जायचं, वऱ्हाड पुढं सरकलं की मागच्यानं मागचं धोतर उचलून पुढच्याला द्यायचं. वरमाईचा पाय मातीला लागता कामा नये. पुढं अंथरायचा मान घरच्या थोरल्याचा. आमच्या बापाच्या मागं तो दादाचा होता.

तात्या आमच्या दारात आले. "सोपाना, राग मानू नगंस. वरमाई तिरसट हाय. तुला जमंल का? न्हायतर ह्या डावाला कोंडिबाला पुढं घालू."

मी एक पाऊल पुढं सरकलो. दादा उठला. त्यानं वहिनीला पाच धोतरं आणायला लावली आणि शेणानं सारवलेल्या अंगणात अंथरायला सुरुवात केली. काळपट जमिनीवर पांढरं कापड त्याला कडेच्या नजरेनं दिसत होतं. वहिनी त्यावरून वरमाईसारखी डुलत चालली. अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सुरकुती पडली नाही.

"बास," तात्या म्हणाले. "पुढं तूच."

ते गेल्यावर दादा घामाघूम होऊन बाजेवर बसला. "अंजिरा," तो म्हणाला, "एवढं पार पडलं की मी सुटलो बघ. मग गाव पुन्हा इचारनार न्हाय, जमंल का म्हणून."

लग्नाच्या दोन आठवडे आधी बापू कणसे वारले. त्यांच्या दहाव्याचे कपडे आमच्याकडं आले, त्यात बापूंचं एक धोतर. सुतकाचं कापड आम्ही वेगळं भिजवतो, वेगळं वाळवतो. दादानं ते घाटाच्या पलीकडच्या कुंपणावर टाकायला सांगितलं आणि मी टाकलं. आमची पायघड्यांची पाच धोतरं अलीकडच्या दोरीवर होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी वळीव आला. दादा गावात इस्त्रीचे कपडे पोचवायला गेला होता. घाटावर मी एकटाच. वारा सुटला, दोरी तुटली, अर्धे कपडे उडून कुंपणाला जाऊन अडकले. मी हाताला येईल ते पांढरं गोळा केलं आणि खोपटात शिरलो.

खोपटात बसून मी पाच धोतरं वेगळी काढली. तेव्हा कोपऱ्यातले दोरे माझ्या डोळ्यांत भरले. उद्या सगळं गाव, वऱ्हाड, पाहुणे बघणार आणि पायघड्यांना लोंबणाऱ्या गाठी. पाहुणे विचारणार हे काय, आणि गाव सांगणार, परीट आंधळा आहे, त्याच्या खुणा आहेत. वरमाईच्या पायाखाली गाठी, ते वाईटही दिसतं. कात्री घरी होती. मी दातानं एकेक दोरा तोडला. किती गाठी होत्या ते बघितलं नाही. मोजायच्या असतात हेही मला सुचलं नाही. घड्या घातल्या आणि फडक्यात बांधल्या.

दुसऱ्या दिवशी देवळापाशी दादानं फडकं सोडलं. पहिल्या धोतराच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला, दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या फिरवला आणि थांबला.

"कोंडा, गाठी कुठायत?"

"काढल्या. लोकांत बरं दिसत न्हाय."

"आरं, मग मला..."

"मी बघितलंय दादा. मला डोळे हायत न्हवं?"

वाजंत्री सुरू झाली होती. वरमाई पायरीवर उभी. दादानं तो कोपरा पुन्हा एकदा चाचपला, मग उठला. त्यानं काठी काखेत धरली आणि पहिलं धोतर झटकून अंथरलं.

काय अंथरत होता तो! पाठीमागं पाऊल टाकत, वाकून, दोन्ही हातांनी धोतर असं सोडायचा की ते जमिनीवर पाण्यासारखं पसरायचं. वरमाईच्या पैंजणांच्या आवाजावर तो वेग ठेवत होता. मी मागचं उचलून त्याच्या हातात देत होतो. पारावरून सदू कुंभार ओरडला, "वा रं सोपाना!" मांडव तीस-चाळीस पावलांवर राहिला होता.

बायकांच्या घोळक्यातून भागा शिंपीण पुढं आली. तिचं घर कणशांच्या शेजारी. ती वाकून जमिनीवरच्या धोतराकडं बघत होती.

"थांबा, थांबा. ही रफू माज्या हातची हाय." तिनं धोतराचा कोपरा उलटा केला. रेघ आणि खाली दोन टिपके. "अगं बया! हे बापू कणशाचं धोतर! सुतकाचं!"

वाजंत्री बंद पडली. वरमाईचं एक पाऊल त्याच धोतरावर होतं. तिनं पाय असा मागं घेतला की जणू निखारा लागला. "मेलेल्याच्या कापडावरनं चालवलं मला?" ती किंचाळली आणि नवरदेवाचा हात धरून देवळाकडं माघारी फिरली.

तात्या जगदाळे गर्दी कापत आले. त्यांचं तोंड काळंनिळं झालं होतं.

"घड्या कुणी बांधून आणल्या?"

दादा वाकलेला तो उभा राहिला. त्यानं माझ्याकडं तोंड केलं. माझ्या कानाकडं बघत होता तो, म्हणजे मला कळलं की मी त्याला दिसतोय. तो थांबला. कानशिलावरचा घाम पुसावा इतका वेळ थांबला. मी खाली बघितलं. माझ्या हातात आमचंच धोतर होतं.

"कुणी आणल्या म्हणतुय मी!"

"म्या आणल्या," दादा म्हणाला. "नजरनं घात केला तात्या. चुकलं माजं."

तात्यांनी त्याच्या काखेतली काठी ओढली आणि रस्त्याकडेला भिरकावली. "आंधळ्याला मान देऊन मीच गाढव झालो. आजपासनं गावाच्या कापडाला हात लावशील तर बघ. कोंडिबा करंल काय ते."

तासभर विनवण्या झाल्यावर वरमाई आली. नव्या लुगड्यांवरून आली, आणि अंथरलं मी.

संध्याकाळी घाटावर गेलो तर आमचं पाचवं धोतर पलीकडच्या कुंपणाला, काट्यांत अडकलेलं होतं. कोपऱ्याला एक गाठ तशीच होती.

पुढच्या गुरुवारी पाटणकर बाई आल्या. दादा बाजेवर होता. काठी कुणीतरी आणून दिली होती, ती वहिनीनं आढ्याला खोचली होती. बाईंनी खाली उभं राहूनच विचारलं, "सोपानराव, झालं काय नेमकं?"

"व्हायचं ते झालं."

"उद्यापासून मी तुमच्याबरोबर घरोघर येते. तात्यांशी मी बोलते."

"नगं बाई."

बाई माझ्याकडं वळल्या. "कोंडिबा, गाठी असताना यांची चूक होईलच कशी? सहा-सात महिन्यांत एक कापड चुकलेलं नाही."

वहिनी चुलीपुढं होती. तिचं फुंकणं थांबलं.

"बाई," मी म्हणालो, "आंधळ्याच्या गाठी त्या. कवातरी चुकायच्याच."

बाईंनी वही काढली. मला वाटलं, आता विचारू नये. पण त्यांनी विचारलं, त्यांचं काम होतं ते. नदीवर एकटे जाता? न्हाय. कपडे ओळखता? न्हाय. चार माणसांत बसता? न्हाय. दिवसभर काय करता, हे त्यांनी हळूच विचारलं. दादा भिंतीकडं कूस करून पडला. बाई आणखी तीनदा आल्या. चौथ्यांदा दादानं वहिनीकरवी सांगितलं, येऊ नका, एसटीचे पैसे फुकट जातात.

पावसाळा गेला. एका दुपारी मी इस्त्रीला कोळसे घालत होतो. दादा भिंतीकडं तोंड करून पडला होता, मला वाटलं झोपलाय.

"कोंडा."

"काय दादा?"

"दातानं तोडल्यास का?"

मी कोळशाचा चिमटा खाली ठेवला.

"कात्रीचं टोक सरळ अस्तं," तो म्हणाला. "देवळापाशी अंगठ्याला लागलं ते चघळल्यागत हुतं. आन तिसऱ्या धोतराला तीन गाठींचं भोक हुतं, मोठं. मला तवाच शंका आलेली."

"मग का अंथरलंस?"

"तू म्हणालास, बघितलंय." त्यानं भिंतीवर अंगठा फिरवला. "मला वाटलं, डोळसाचं खरं असंल."

"आन तात्यांपुढं का न्हाय सांगितलंस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो हुतो की." त्यानं कूस बदलली नाही. "मग म्हनलं, घरात एका परटावर तरी गावाचा इस्वास राहू दे. दोघं बसलो तर खायचं काय?"

मी म्हणालो, "उद्या सांगतो तात्यांना."

"सांग," तो म्हणाला.

मी सांगितलं नाही. उद्या नाही, परवा नाही. आधी दिवाळीचे कपडे होते, मग लगीनसराई आली, आणि मग मला त्याची सवय झाली. वहिनी मला जेवायला वाढायची, पण त्या दुपारपासून भावजी म्हणून तिनं मला हाक मारली नाही. आमचं बोलणं तिनंही ऐकलं होतं.

चालणं सुटलं तसे दादाचे पाय बारीक झाले. चुन्याचे पट्टे पुसून गेले, कुणी पुन्हा ओढले नाहीत. ज्या माणसानं ओढा कानावर ठेवून नदी गाठली होती तो पुढच्या साली, कार्तिकात, बाज आणि उंबरा ह्या चार पावलांत पडला. खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, हाड जुळायला माणसाच्या अंगात उभं राहायची इच्छा लागते.

साताऱ्याच्या दवाखान्यात तो एकवीस दिवस होता. पाटणकर बाई एकदा येऊन गेल्या असं वहिनीकडून कळलं. मी तेव्हा गावात कपडे पोचवत होतो.

तात्या जगदाळे दोन हजार चार साली वारले, त्यांनाही मी सांगितलं नव्हतं. अंजिरावहिनी दोन हजार अकरा साली गेली. माझा थोरला भाऊ सोपान धोंडी राऊत सत्त्याण्णव सालच्या मार्गशीर्षात, मंगळवारी, सकाळी नऊच्या सुमाराला वारला. तो एक्कावन्न वर्षांचा होता.